एक होडी, तीन काठ्या: रबाळ्यात दुरुस्त झालेल्या एका लेझर डिंगीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नवी मुंबईतल्या एका कुटुंबाचं आणि माझ्या वर्कशॉपचं आहे. कुटुंबाला विचारूनच लिहितोय. नावं आणि ओळख पटेल अशा खुणा काढून टाकल्या आहेत.

माझं काम फायबरचं. रबाळे एमआयडीसीत वीसेक वर्षं पाण्याच्या टाक्या, डक्ट आणि केमिकल प्लांटची अस्तरं करतोय. शिडाच्या होड्यांचा नाद तरुणपणी लागला तो सुटला नाही. त्यामुळे आसपास कुणाची फायबरची होडी फुटली की ती फिरत फिरत माझ्याकडे येते.

गेल्या ऑगस्टमध्ये ऐरोलीचे एक गृहस्थ आले. त्यांची मुलगी चौदा वर्षांची. दोन सुट्ट्यांमध्ये ती ऑप्टिमिस्ट नावाच्या मुलांच्या छोट्या शिडाच्या होडीवर शिकली होती. होड्यांच्या त्या वर्गात वयाची मर्यादा पंधरा, म्हणजे पुढच्या होडीचा विचार करणं भाग होतं. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत नेहा ठाकूरने शिडाच्या होडीच्या शर्यतीत मिळवलेलं रौप्यपदक तिने टीव्हीवर पाहिलं होतं. भोपाळच्या तलावावर तयार झालेली सतरा वर्षांची मुलगी पदक घेऊन येते, तर खाडीकाठी राहणाऱ्या आपल्याला का जमू नये, असं तिचं म्हणणं. नेत्रा कुमनन लेझर या एकट्याच्या होडीच्या रेडियल प्रकारावर टोकियो ऑलिम्पिकला गेली हेही वडिलांनी वाचलं होतं. म्हणून ‘लेझर रेडियल, जुनी, सर्व सामानासह’ अशी जाहिरात दिसली तेव्हा त्यांनी होडी पाहायला जाताना मला फोन केला. मी सोबत गेलो.

तिथे मी होडीच्या तळावर ठोकून पाहिलं, डेक दाबून पाहिलं, सांधे पाहिले. शीड पिशवीत गुंडाळलेलं होतं, शिडाच्या काठ्या जुन्या चादरीत बांधलेल्या होत्या. त्या सोडायला मी सांगितलं नाही. या प्रकरणातली पहिली चूक तिथे झाली, आणि ती माझी होती. फायबर हे माझं रोजचं काम, म्हणून मी फायबर तपासलं.

ही होडी आहे तरी काय

पुढचं कळायला या होडीचं घराणं थोडं समजून घ्यावं लागेल.

लेझरचं पहिलं रेखाटन ब्रूस कर्बी या कॅनेडियन डिझायनरने १९६९ मध्ये केलं. गाडीच्या टपावर बसेल अशी एकट्याची होडी हवी, अशी होड्या बांधणाऱ्या इयन ब्रूस यांची मागणी होती. फोनवर बोलता बोलता कर्बींनी ती कागदावर काढली. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या बोट शोमध्ये ती बाजारात आली. तेव्हापासून दोन लाखांहून जास्त होड्या बनल्या. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकपासून ती ऑलिम्पिकमध्ये आहे आणि २००८ पासून महिलांसाठी रेडियलही. २०१९ पासून वर्गाची अधिकृत नावं इल्का ७, इल्का ६ आणि इल्का ४ अशी झाली. पाण्यावरची माणसं मात्र अजून स्टँडर्ड, रेडियल आणि फोर-पॉइंट-सेव्हन असंच म्हणतात.

तिन्हींचा फायबरचा सांगाडा एकच आहे. लांबी साधारण ४.२ मीटर, नुसत्या सांगाड्याचं वजन ५९ किलोच्या आसपास. सुकाणू, पाण्यात खाली उतरणारी मधली फळी आणि बूम, म्हणजे शिडाच्या खालची आडवी काठी, याही त्याच. शिडाची उभी काठी दोन तुकड्यांची असते आणि तिचा वरचा तुकडाही तिन्हींना तोच चालतो. बदलतं ते शीड आणि खालचा तुकडा. स्टँडर्डचं शीड ७.०६ चौरस मीटर, रेडियलचं ५.७६, तिसऱ्याचं ४.७. साधारण ऐंशी किलोचा माणूस स्टँडर्डवर शोभतो, साठ-पासष्टचा रेडियलवर, आणि पन्नाशीच्या आतबाहेरची मुलं ४.७ वर.

स्टँडर्डचा खालचा तुकडा साडेनऊ फुटांच्या जवळपास असतो. रेडियलचा सुमारे दोन फूट आखूड. एवढंच असतं तर गोष्ट सोपी होती. रेडियलचा तुकडा आखूड असतो तसा जास्त लवचीकही असतो, आणि ४.७ चा तर त्याहून आखूड असून कारखान्यातूनच मागच्या बाजूला थोडा वाकवलेला येतो. या दोन गोष्टी मला तेव्हा माहीत नव्हत्या. मी तारुण्यात चालवली ती फक्त स्टँडर्ड.

सांगाड्याचे तीन महिने

होडी वर्कशॉपला आणून काट्याला टांगली. ६७ किलो. आठ किलो पाणी कुठेतरी मुरलेलं होतं.

लेझरचं डेक म्हणजे फायबरच्या दोन थरांमध्ये फोम. काठी डेकमधल्या नळीत उभी राहते, तिला तारांचा आधार नसतो. शिडाचा सगळा जोर त्या नळीच्या तळाशी आणि तोंडाशी येतो. वाळू गेली की काठी नळीला आतून घासते, बारीक चीर पडते, आणि तिथून पाणी पोटात जातं. तपासायची रीत सोपी आहे. नळी काठोकाठ पाण्याने भरा आणि तासाभराने बघा. आमची पातळी तासात चार बोटं उतरली.

डेकला भोक पाडून आत हात घालायचा की नाही, हा पहिला खरा निर्णय होता. वर्गाच्या नियमात १५३ मिलिमीटर आतल्या व्यासापर्यंतचं झाकणाचं भोक चालतं. वडिलांना डेक कापायची कल्पना आवडली नाही. माझं मत ठाम होतं की आतून मजबुती न देता नुसता वरून लेप दिला तर वर्षभरात पुन्हा हेच होणार. कापलं. आत शंभरचा बल्ब आणि छोटा पंखा लावून पाऊस संपेपर्यंत सांगाडा वाळवला. पावसाळी हवेत रेझिन लावायचं नाही हे या धंद्यात पहिल्याच वर्षी कळतं, म्हणून फायबरची मॅट चढवायला ऑक्टोबरची वाट पाहिली. नळीच्या बुडाला इपॉक्सीत चार थर दिले. नोव्हेंबरअखेर काटा ६२ वर आला. या कामाबद्दल मला आजही समाधान आहे.

अडचण

जानेवारीत एका रविवारी वर्कशॉपच्या अंगणात होडी पहिल्यांदा पूर्ण जोडली. लेझरच्या शिडाला वर ओढायची दोरी नसते. शिडाच्या पुढच्या कडेला बाहीसारखी शिवण असते, ती काठीवर चढवायची. चढवली, काठी नळीत उभी केली, आणि शिडाचा खालचा कोपरा बूमपासून दोन फूट वर लोंबत राहिला.

शीड रेडियलचं होतं. काठीचा खालचा तुकडा स्टँडर्डचा. आधीच्या मालकाने दोन होड्यांचं सामान एकत्र केलं असावं. जाहिरातीत खोटं लिहिलं असं म्हणवत नाही, कारण शीड खरंच रेडियलचं होतं आणि सांगाडा तर तिन्हींचा एकच.

मुलगी म्हणाली, “काका, मग फेब्रुवारीत पाण्यात उतरायचं नाही का?”

शाळेची वार्षिक परीक्षा, मग मे महिना, मग पावसाळा. तिचं वर्ष जाणार होतं. या एका प्रश्नाने आमची घाई झाली.

समोरचे पर्याय

रेडियलचा खालचा तुकडा मागवणं हा सरळ मार्ग. तो इथे दुकानात मिळत नाही. परदेशातून यायला किती दिवस, आणि एवढी लांब नळी आणायला वाहतुकीचा खर्च किती, याचा अंदाज कुणालाच देता येईना.

दुसरा, ४.७ चं शीड आणि तुकडा दोन्ही घेणं. मुलीचं वजन ४४ किलो. आज मागे वळून पाहताना हाच पर्याय तिच्या मापाचा होता. पण घरात रेडियलचं शीड असताना आणखी एक शीड घ्यायचं हे वडिलांना पटेना, आणि मीही तो आग्रहाने मांडला नाही. ‘वर्षभरात वजन वाढेलच’ असं आम्ही दोघं एकमेकांना सांगत राहिलो.

होडी तशीच विकून टाकावी, असं मामाने सुचवलं. त्यावर कुणी बोललंच नाही.

चौथा मार्ग माझ्या हाताखालच्या कारागिराने सुचवला: “शेठ, पाइप दोन फूट लांब आहे ना? मग कापू या.”

अल्युमिनियमची नळी, कापायला पाच मिनिटं. वरचं टोक कापलं तर बूमची जागा हलत नाही, आणि वरचा तुकडा आत बसवायला फक्त तोंड घासून गुळगुळीत करायचं. वर्गाच्या नियमात असली काठी शर्यतीला चालणार नाही हे मला ठाऊक होतं. ते मी वडिलांना सांगितलंही. त्यांचं म्हणणं, शर्यत पुढच्या वर्षी बघू, आधी पोरीला पाण्यात तर जाऊ दे. मला ते पटलं. नळी मापायला घेतली तेव्हा वडिलांनी एकदा विचारलं, “नंतर पुन्हा जोडता येईल ना?” जोडता आलं नसतं. मी म्हणालो, “गरज पडणार नाही.”

हे वाक्य मी आज परत घेतो.

दिवाळ्याच्या जेट्टीवरचा दिवस

पौर्णिमेचा दुसरा दिवस निवडला. आपल्याकडे उधाणाची भरती दुपारी साडेबारा-एकच्या सुमारास भरते, आणि खाडीकाठचा चिखल ओलांडायला तेवढं पाणी लागतंच. ओळखीच्या एका नाखव्यांनी बेलापूरच्या दिवाळे गावातून त्यांची इंजिनाची होडी सोबतीला दिली. मुलीच्या अंगात लाइफ जॅकेट, सोबतच्या होडीत वडील आणि मी.

पहिला अर्धा तास सुंदर गेला. वारा मंद, होडी हलकी, पोरगी हसत होती. दोननंतर वायव्येचा खारा वारा चढला आणि ओहोटीही लागली. पाणी बाहेर चाललेलं, वारा समोरून आत येणारा, त्यामुळे लाटा आखूड आणि उभ्या. मुलीने शिकवल्याप्रमाणे किकर, म्हणजे बूम खाली ओढणारी दोरी, आवळला; कनिंगहॅम, म्हणजे शिडाची पुढची कड ताणणारी दोरी, खाली ओढला. तरी होडी कलंडत राहिली. शीड सोडलं की होडी थांबे, ओढलं की आडवी होई. चार वेळा उलटली. डिंगी उलटणं हा शिकण्याचाच भाग आहे, पण चौथ्या वेळी फळीवर चढून होडी सरळ करण्याची ताकद तिच्यात उरली नव्हती. आम्ही तिला वर घेतलं आणि होडी ओढत आणली.

नाखवा शेवटपर्यंत गप्प होते. जेट्टीला लागल्यावर त्यांनी काठीवर हात ठेवला. “ही वाकत नाय तुमची. वारा वाढला तरी शिडाचं पोट तसंच राहतंय. पोरीचा काय दोष?”

त्यांनी लेझर याआधी कधी पाहिली नव्हती. पण त्यांच्या वडिलांच्या काळात गावातल्या होड्या शिडावर चालत, आणि शिडाचं पोट कधी भरायचं नि कधी मोडायचं हे त्यांना घरातूनच आलेलं होतं.

कारण शोधताना

तारांचा आधार नसलेल्या काठीत वाकणं हाच वाऱ्यावरचा ताबा असतो. वारा वाढला की किकर ओढायचा, काठी मागे वाकते, शिडाच्या मधलं कापड पुढे ताणलं जातं, पोट सपाट होतं आणि वरचा वारा निसटून जातो. रेडियलचं शीड लवचीक काठीचं वाकणं गृहीत धरून कापलेलं आहे. आम्ही त्याला ताठ काठी दिली होती. मुलगी दोरी ओढत होती, पण त्या दोरीने होडीला जे सांगायचं ते पोचतच नव्हतं.

दक्षिण मुंबईतल्या एका जुन्या ओळखीच्या शिडवाल्याकडून रेडियलचा खरा तुकडा दोन दिवसांसाठी उसना आणला. आमचा कापलेला आणि तो, दोन्हींची लांबी एक. एकेक करून बूड शिकंज्यात आडवं धरलं, काठी नळीत असते तसं, आणि मोकळ्या टोकाला पाण्याने भरलेली वीस लिटरची बादली टांगली. भिंतीवर फूटपट्टी. रेडियलचा तुकडा आमच्यापेक्षा उघड जास्त खाली आला. कारागीर बघतच राहिला. पाव तासाचं काम होतं. ते करवत चालवायच्या आधी करायला हवं होतं.

मग मी वाचायला बसलो आणि आमच्याच चुकीचा इतिहास सापडला. हलक्या माणसांसाठी लेझरला लहान शीड द्यायचा पहिला प्रयत्न ‘लेझर एम’ नावाने झाला होता. खालचा तुकडा तोच ठेवून वरचा आखूड केला. पण आखूड झालेली काठी पुरेशी वाकेना, जोराच्या वाऱ्यात होडी आवरेना, आणि तो प्रकार मागे पडला. त्यानंतर रेडियल आली: वरचा तुकडा तसाच, खालचा आखूड आणि लवचीक, शिडाची कापणीही नवी. शिडाच्या पट्ट्या कोपऱ्यांपासून किरणांसारख्या पसरतात, तिचं नावही त्यावरूनच. म्हणजे काठी नुसती कापून भागत नाही हे या होडीच्या जन्मदात्यांना कित्येक वर्षांपूर्वीच कळून चुकलं होतं. मी कापली ती दुसऱ्या बाजूने, चूक तीच.

दुसरा निर्णय

या वेळी आधी मुलीला वजनकाट्यावर उभं केलं. ४५. प्रश्न असा होता की रेडियलचा तुकडा मागवायचा की ४.७ चा पूर्ण जोड. वडिलांचा कल अजून रेडियलकडे, कारण शीड आहेच. मी उसन्या तुकड्यावर रेडियल जोडून एकदा पाण्यात उतरू, मग ठरवू असं सुचवलं. उतरलो. होडी या वेळी आवरत होती, किकर ओढला की शीड सपाट होताना दिसत होतं. पण दुपारच्या वाऱ्यात मुलीचं सगळं बळ होडी आवरण्यातच जात होतं. डावपेच, वळणं, वाऱ्याकडे बघणं, कशालाच उसंत नाही. परतताना तीच म्हणाली, “बाबा, मला लहान शीड हवंय. मला शर्यत करायचीय, कुस्ती नाही.”

४.७ चा जोड मागवला. एप्रिलमध्ये आला. खोका उघडल्यावर वडिलांचा चेहरा उतरला: “हे तर वाकूनच आलंय.” कारागिराने सरळ करायला लाकडी ठोकळे काढलेसुद्धा. मी धावत जाऊन थांबवलं. तो वाक मुद्दाम दिलेला आहे. शीड लहान केलं की वाऱ्याच्या जोराचा मध्यबिंदू पुढे सरकतो, होडीचं नाक वाऱ्यापासून दूर पळू लागतं आणि सुकाणू विचित्र वाटतं. काठी मागे झुकवली की तो बिंदू परत मधल्या फळीच्या जवळ येतो. फळी हलवायची सोय सांगाड्यात नाही, सांगाडा तर बदलायचाच नाही, म्हणून उत्तर त्या एका नळीत घातलेलं आहे. फायबरचा साचा पन्नास वर्षं तसाच ठेवून सगळा फरक एका पाइपात बसवणं, याचं कारागीर म्हणून मला फार कौतुक वाटतं. नव्या मापाचा साचा म्हणजे काय खर्च असतो हे मी रोज बघतो.

काय निष्पन्न झालं

मे महिन्यात मुलगी आठ वेळा पाण्यात उतरली. खाऱ्या वाऱ्यातही होडी तिच्या हातात राहिली. शेवटच्या दोन दिवशी नाखव्यांची सोबतची होडी जेट्टीजवळच थांबली, कारण मागे फिरायची गरज पडली नाही.

एक गोष्ट मात्र भरून आली नाही. पोरीला पाहून वडिलांनाही शिकायची इच्छा झाली. त्यांचं वजन ७८ किलो, म्हणजे नेमकं स्टँडर्डचं. सांगाडा आहे, बूम आहे, वरचा तुकडा आहे. स्टँडर्डचं जुनं शीड त्यांना स्वस्तात मिळालंही. खालचा तुकडा आमच्याकडे होता, तो आम्ही जानेवारीत कापला. आई ५८ किलोची, तिला रेडियलचं शीड तयार आहे, काठी नाही. एका सांगाड्यावर तिघं फिरू शकले असते.

वेगळं काय करता आलं असतं

खरेदीच्या दिवशी काठ्या चादरीतून काढून टेपने मापल्या असत्या, तर विक्रेत्याशी तिथेच बोलता आलं असतं. जुनी लेझर घेताना जाहिरातीतलं नाव सांगाड्याबद्दल काहीच सांगत नाही. शीड आणि खालचा तुकडा एकमेकांचे आहेत का, एवढं बघावं, आणि जमिनीवर पूर्ण जोडून बघावं. सांगाड्याची डागडुजी नंतरही होते. मी उलट क्रमाने गेलो आणि ऑगस्ट ते जानेवारी हातात असलेला वेळ काठीसाठी वापरला नाही. तुकडा सप्टेंबरमध्ये मागवला असता तर फेब्रुवारीच्या घाईचा प्रश्नच आला नसता.

डेकला भोक पाडण्याचा निर्णय मी पुन्हा तसाच घेईन.

कापण्याबद्दल वडिलांनी विचारलेला प्रश्न बरोबर होता. न परतवता येणाऱ्या कामाला मी हो म्हणालो, तेही माहितीशिवाय. आता वर्कशॉपमध्ये काठी, फळी किंवा सुकाणू कापायचं काम आलं तर मी आठवडाभर ते बाजूला ठेवतो आणि त्या वर्गाची होडी चालवणारा एक तरी माणूस शोधून त्याच्याशी बोलतो. उसना तुकडा एका फोनवर मिळाला होता. तो फोन जानेवारीतही करता आला असता.

वडिलांसाठी स्टँडर्डचा आणि आईसाठी रेडियलचा, असे दोन खालचे तुकडे आता एकत्र मागवले आहेत, म्हणजे वाहतूक एकदाच पडेल. स्टँडर्डच्या तुकड्याचे पैसे मी देतोय. वडील नको म्हणत होते, पण करवत माझी होती.